नागव्वाच्या चुलीचा तिसरा दगड

मंगलचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. भरूचला आमची खानावळ आहे. कारखान्यांत कामाला आलेली आपल्याकडची पोरं जेवायला येतात, त्यामुळं सकाळी मी फोन घेत नाही. पण मंगलचं नाव दिसलं आणि कणकेच्या हातानंच घेतला. मंगल म्हणजे रंगनाथतात्यांची सून. "मावशी, तात्या गेले," एवढंच म्हणाली. मी काय विचारावं? "जेवले होते का?" विचारलं. ती रडता रडता म्हणाली, "अर्धी भाकरी खाल्ली. ताटावर बसायच्या आधी ओट्याजवळ गेले, शेगडीला हात लावायला. म्हटलं तापलीय हो, भाजेल. तरी लावलाच."

तात्यांची ही सवय त्यांना ओळखणाऱ्या सगळ्यांना माहीत होती. कुणाच्याही घरी जेवायच्या आधी ते चुलीला हात लावून कपाळाला लावायचे. माहीत नसलेल्यांना वाटायचं, म्हातारा देवभोळा आहे. देवभोळे ते मुळीच नव्हते. ही सवय त्यांना कुठून लागली ते मला माहीत आहे, आणि तेच सांगायला बसले आहे. मी चौथीपर्यंत शिकले. ऱ्हस्व-दीर्घाचं काही कळत नाही, लिहिताना हात घाबरतो. चुकलं असेल ते संपादकसाहेबांनी सुधारून घ्यावं, पण गाळू काही नये. गाळण्यावरूनच तर माझं डोकं भडकलं आहे.

तात्यांचं जुनं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं. सरकारनं नवी जागा दिली ती चितेगावच्या पुढं, पैठण रस्त्याच्या आत, नुसता मुरूम आणि खडक. सावलीला झाड नाही. माणसं आणायच्या आधी पाणी पाहिजे म्हणून आम्हा वडारांना आणलं विहीर खोदायला. माझे वडील, चुलता आणि आमची दोन-तीन कुटुंबं. मी तेव्हा लहान होते, पण सुरुंगाची बत्ती पेटवून वडील "पळाऽ" ओरडायचे, ते अजून कानात आहे. पहिला सुरुंग उडाला, दगड वर आले, त्यातले चांगले बघून माझ्या आईनं, नागव्वानं, तीन दगड चुलीला घेतले. चुलीचा दगड असा-तसा चालत नाही. काही दगड तापले की तडकतात. हे तीन तडकले नाहीत. सगळा उन्हाळा त्यांच्यावर आमच्या भाकरी झाल्या. विहिरीला पाणी लागलं आणि आम्ही पालं उचलून बिडकीनकडं पुढच्या कामाला गेलो. माझी शाळा अशीच सुटली... एका विहिरीवरून दुसऱ्या विहिरीवर.

मागून गाव आलं. ट्रकमध्ये भांडीकुंडी, बैलगाड्या, रडणाऱ्या बाया. घर बुडालेलं, देव बुडालेले. माणसं उतरली तर त्या उघड्या माळावर काळाभोर एक दगड उभा, खाली राख. कुणीतरी म्हणालं, इथं पूजा केलेली दिसतीय. एका म्हातारीनं कुंकू लावलं, शनिवारी दुसऱ्या कुणी तेल घातलं, पुढं शेंदूर आला. बघता बघता तो म्हसोबा झाला. पुढं एका पाटलानं सांगितलं की देव त्याच्या स्वप्नात आला होता आणि त्यानंच जागा दाखवली. मग म्हसोबा स्वयंभू झाला आणि पाटील गावाचा मूळ पुरुष.

आई काही दिवसांनी तिचे दगड न्यायला परत गेली होती. मी तिच्यासोबत होते. एक दगड शेंदरानं लाल झालेला, समोर नारळाच्या शेंड्या. बाकीचे दोन बाजूला पडलेले. आईनं हात जोडले, पडलेले दोन पाटीत घेतले आणि निघाली. मी विचारलं, "आई, आपला तिसरा?" ती म्हणाली, "त्याला आता दुसऱ्याच्या घरी दिला." जशी लेक द्यावी तसं.

तात्या त्याच गावचे. पोलीस ॲक्शनच्या वेळी ते शाळेतलं पोर होते. पुढं शिकून शहरात बांधकाम खात्यात कारकून झाले, उस्मानपुऱ्यात दोन खोल्यांत राहायला आले, पण जीव गावात. गाव नव्यानं कसं वसलं ते लिहायचं त्यांच्या मनानं घेतलं. सुट्टीच्या दिवशी सायकल काढायची आणि माणसं गाठायची. त्यांना एका गोष्टीनं पछाडलं होतं. देवाखाली राख कुठून आली? गावात कुणाला सांगता येईना. शेवटी विहीर कुणी खोदली ते विचारत विचारत ते मुकुंदवाडी स्टेशनजवळच्या आमच्या झोपडीपर्यंत आले. आम्ही तेव्हा खडी फोडत होतो. आईनं चहा केला. तात्यांनी विचारलं, "नागव्वाबाई, तुमी विहिरीवर व्हता तवा तिथं देव व्हता का?"

आई म्हणाली, "देव न्हवता. दगड व्हता. माझ्या चुलीचा."

तात्यांना चहाचा ठसका लागला. नाकातोंडातून चहा, डोळ्यांत पाणी. "म्हंजी आमचा म्हसोबा..."

"माझ्या भाकरी खाऊन मोठा झालाय त्यो," आई म्हणाली.

"मग तवाच का नाय सांगितलं, बाई?"

"काय सांगू? लोकं पाया पडत व्हती. चुलीच्या पाया पडावंच की."

तात्यांनी कप खाली ठेवला. मग उठून आमच्या चुलीला हात लावला आणि कपाळाला लावला. ती पहिली वेळ.

त्यांचं पुस्तक निघालं तेव्हा त्याचा पहिला भागच असा सुरू झाला होता: "या गावात पाहुणे आम्ही. घरची ती नागव्वा. आम्ही यायच्या आधी इथं तिची चूल पेटली होती." खाली आईचं, वडिलांचं, चुलत्याचं, सगळ्यांचं नाव. तात्या पुस्तक घेऊन आले आणि माझ्या हातात दिलं. "वाच." मी म्हटलं, "मला कुठं येतंय आता, शाळेतलं सगळं विसरले." "नाव तर वाच." मी एकेक अक्षर जुळवत वाचलं, आणि तात्या मधे एकदाही बोलले नाहीत. मी अडले तरी सांगितलं नाही. आई म्हणाली, "पुन्हा वाच माझं नाव." पुन्हा वाचलं. त्या दिवसापासून मी दिसेल ते वाचत सुटले. दुकानाच्या पाट्या, रद्दीचे कागद, सगळं. आज खानावळीची पाटी मी स्वतः रंगवलेली आहे. हे उपकार कसे फेडायचे असतात ते मला अजून कळलेलं नाही.

गावानं मात्र त्यांना देवळासमोर अडवलं. "बापजाद्यांची नावं सोडून वडारणीचं नाव पहिलं टाकलंस व्हय रं?" त्या पाटलाचा मुलगा पोपटराव तेव्हा तरणा होता, तो अंगावर धावून आला. "माझ्या बापाच्या सपनात देव आलता!" तात्या म्हणाले, "आला आसंल की. भूक लागली की माझ्याबी सपनात चूलच येती." लोक हसले म्हणून त्या दिवशी मार वाचला. शहरातल्या शिकलेल्यांनी वेगळाच मार दिला. हे काय मराठी, हा काय इतिहास, गावगप्पा आहेत म्हणाले. तात्या आमच्या बोलीत लिहायचे, उर्दू शब्द आला तर तसाच ठेवायचे. त्यांना कधी कुणी शाल दिली नाही, व्यासपीठावर बोलावलं नाही. आता मेल्यावर सगळ्यांना आठवण आली आहे.

मी लग्न होऊन इकडं आले तेव्हा आईनं ते दोन दगड मला दिले. खानावळीच्या मागच्या अंगणात मी त्यांच्यावर पाणी तापवते. तिसऱ्याच्या जागी वीट आहे. तात्या एकदा भरूचला आले होते. हात धुवायला मागं गेले आणि तिथूनच ओरडले, "अगं, ही वीट कुणाची?" मी म्हटलं, "तिसरा तुमच्या देवळात बसलाय ना." इतके हसले की खोकला लागला. मग दोन्ही दगडांना हात लावून कपाळाला लावला. विटेला लावला नाही. "ही बदलीवरची हाय," म्हणाले.

शेवटची भेट गेल्या दिवाळीनंतर, उस्मानपुऱ्यात. बारीक झाले होते. गावाला पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची होती. देवस्थानाला सरकारी दर्जा मिळवायचा होता, त्याला लेखी इतिहास लागतो. पोपटराव दोनदा येऊन गेले होते. एकच अट, पहिला भाग काढा. तात्या मला म्हणाले, "मी हाय तवर पान हलू देत नाय. मागून तू बघ." मी म्हटलं, "तात्या, मी कुठं, भरूच कुठं, माझं कोण ऐकणार?" ते म्हणाले, "तुझ्या आईचं तरी कोण ऐकत व्हतं?"

त्यांच्या शोकसभेला मी गेले. देवळाच्या मंडपात सभा, तात्यांचा हार घातलेला मोठा फोटो, आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात नवी आवृत्ती. एवढ्यात कधी छापली? तेरावं होऊन फार दिवस झाले नव्हते. म्हणजे तयारीच होती. नुसती वाट बघत होते. मी उघडली. पहिला भाग: "स्वप्नदृष्टान्त आणि गावाची स्थापना." तात्यांचं नाव वर आणि आत दुसऱ्याचं लिखाण! नागव्वा नाही. वडील नाहीत. विहीर आहे, पण ती कुणी खोदली ते नाही, जशी आपोआप पडली. माइकवर पोपटराव बोलत होते, "तात्या म्हंजी आमच्या गावाचा आरसा." माझ्या डोळ्यांपुढं लाल झालं. आरसा फोडून चौकट भिंतीला लावतात आणि वर हार घालतात!

सभा संपल्यावर मी त्यांना गाठलं. "पोपटदादा, पहिला भाग कुठं गेला?"

"कागद वाढत व्हता, ताई."

"तुमच्या फोटोंना कागद पुरला."

ते हसले. आवाज खाली करून म्हणाले, "हे बघा, देवस्थानाचं काम चाललंय. तिथं चूल-बिल बरी दिसत नाय. तात्यांचं वय झालं व्हतं, कायबी लिहिलं. तुमी पाव्हण्या, लांबून आलात. जेवून जावा."

पाहुण्या. मी! ज्या माळावर कुत्रं नव्हतं तिथं माझ्या आईनं पहिली चूल पेटवली, आणि मी पाहुणी. मंगल बाजूला उभी होती, तिनं माझा हात घट्ट धरला. आयुष्य दुसऱ्यांना जेवू घालण्यात गेलं, ताटाला नाही म्हणायचं नसतं हे मी पोरांना शिकवते. पण त्या दिवशी मी वाढलेल्या ताटावरून उठले. जाताना देवाजवळ गेले. शेंदूर इतका जाड झाला आहे की दगड ओळखू येत नाही. हात लावला. गार होता. किती वर्षं गार आहे... ज्याला सगळा उन्हाळा आईनं तापता ठेवला, तो.

जुनी आवृत्ती माझ्याकडं आहे. पानं पिवळी पडलीत, पण पहिला भाग जागेवर आहे. जेवायला येणाऱ्या पोरांना मी तो वाचून दाखवते, अडखळत का होईना. त्यांतलं एक पोरगं त्याच गावचं निघालं. ऐकून म्हणालं, "मावशी, आमच्या घरी तर दुसरंच सांगत्यात." मी म्हटलं, "मागं जाऊन बघ."

ते गेलं. दोन दगड आणि एक वीट, वर पाण्याचं पातेलं. विस्तवाच्या बाजूनं दगड काळे कुळकुळीत. वीट या वर्षात दोनदा फुटली, मी नवी ठेवली. पोरगं परत आलं तेव्हा त्याच्या बोटांना काजळी होती, आणि थोडी कपाळाला लागली होती. मी ताट वाढलं.