कसला वास?

दोन हजार सालच्या आसपास मी पोलादपूरहून रोज एसटीने महाडला जायचे, स्टँडसमोरच्या एका ब्युटी पार्लरमध्ये कामाला. घरी सगळ्यांना वाटायचं, मी दिवसभर गार वाऱ्यात बसून नखं रंगवते. गार वारा! वरच्या मजल्यावर दहा बाय बाराची खोली, तिला एकुलती एक खिडकी, आणि तीही प्लायवुड ठोकून बंद केलेली. का, तर समोर एसटी स्टँड, आणि गाडीची वाट बघणाऱ्या बाप्यांना आमच्या खिडकीखेरीज बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

मालकीणबाई मुंबईला कोर्स करून आलेल्या, म्हणून त्यांना ‘मॅडम’ म्हणायचं. चुकून ‘काकू’ म्हटलं की दिवसभर फणफणायच्या. चिकटवायची नखं तेव्हा महाडात नवीन होती. लग्नसराईत मुली ओळीने बसायच्या. आम्ही नखं घासायची, गोंद लावायचा, वर दोन हात पॉलिश मारायचं, आणि रंग पसंत पडला नाही की रिमूव्हरने पुसून पुन्हा दोन हात. संध्याकाळपर्यंत माझं डोकं असं ठणकायचं की कंडक्टरने साधं तिकीट विचारलं तरी रडू यायचं. “मॅडम, वास बाधतो,” म्हटलं की उत्तर ठरलेलं. “कसला वास? मला कसा येत नाही?”

माझ्याबरोबर वरंधची एक ताई कामाला होती, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. तिला खोकला लागला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हे वासाचं काम सोडा. ही सोडायला तयार नाही. “काम सोडलं तर सासू परत गुरांमागं धाडील गो. इथं मला लोक ताई म्हणतात. तिथं नुसतं ‘ए’ म्हणून हाक मारतात.” मॅडमना कळलं तर त्याच घरी पाठवतील, ही तिला धास्ती. म्हणून खोकला आला की ती मागच्या संडासात जायची आणि नळ सोडून खोकायची. मॅडमना वाटलं, हिचं पोट बिघडलंय. त्यांनी तिला डबीभर ओवा आणून दिला. बिचारी दोन महिने समोर बसून ओवा चावत होती.

अशात आमच्याकडे आयब्रो करायला येणाऱ्या, शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंनी एक खूळ काढलं. त्या कुठल्याशा शिबिराला जाऊन आल्या होत्या. कामकरी बायका तोंडाने जे सांगत नाहीत ते चित्रातून सांगतात म्हणे. कागदावर आडवं पडायचं, दुसरीने अंगाभोवती रेघ मारायची, आणि मग जिथे दुखतं तिथे रंग भरायचा. मॅडमना वाटलं, पार्लरचं नाव होईल. त्यांनी मंगळवारची दुपार देऊन टाकली.

बाई खाकी कागदाचं भेंडोळं घेऊन आल्या. पडायला कोणी पुढे होईना. ताई म्हणाली, “हायवेला कोण गाडीखाली आला की पोलीस अशीच रेघ मारतात. मी नाय पडायची.” शेवटी मी पडले. बाईंचा खडू काखेपाशी आला आणि मला अशा गुदगुल्या झाल्या की मी उसळले, आणि माझ्या चित्राला तिसरा हात फुटला. मग ताई पडली, डोळे गच्च मिटून. शेवटी मॅडम पडल्या, त्यांनी पोट आत ओढून धरलं आणि “आटपा लवकर, आटपा,” करत राहिल्या. उठून चित्र बघितलं तर म्हणाल्या, “हे माझं नाही हं. यात साडीचा घोळ आलाय.”

शाळेचे मेणाचे खडू काही त्या खाकी कागदावर दिसेनात. “आपल्याकडे रंगांना काय तोटा?” म्हणत मॅडमनी नेलपॉलिशचा ट्रे काढला, घट्ट झालेल्या बाटल्यांत रिमूव्हर ओतलं आणि ढवळलं. बायका जमिनीवर लोळणार म्हणून दाराला कडी. कागद उडतो म्हणून पंखा बंद. खिडकीचं प्लायवुड होतंच. आणि वीस उघड्या बाटल्या! वासाने आमचं काय होतं ते दाखवायला आम्ही चौघी शहाण्या त्याच वासात कोंडून घेऊन बसलो होतो.

मी माझं डोकं लालभडक केलं, मान आणि कंबर जांभळी. ताईने बोटं रंगवली, गुडघे रंगवले, तळपायसुद्धा रंगवले. छाती मात्र कोरी. मला असा राग आला तिचा! बयेने दोन महिने ओवा चावला आणि आता कागदाशीही खोटं! मी तिला कोपराने ढोसलं. तिने डोळे वटारले.

मॅडमचं अख्खं चित्र कोरं होतं. “मला काही होत नाही,” त्या म्हणाल्या.

“एखादा ठिपका तरी?” बाईंनी विचारलं.

मॅडमनी मरून रंगात ब्रश बुडवला आणि चित्राच्या छातीवर एवढासा ठिपका दिला. मग दुसरा. मग बाटलीच उपडी केली. नंतर नाकालाही फासलं.

“मी म्हणते ना, मला वास येत नाही,” त्या खाली मान घालून म्हणाल्या. “खरंच येत नाही गं. वर्ष झालं. फोडणी करपली तरी कळत नाही. आणि सकाळी उठलं की तासभर खोकते. घरी सांगते, ठसका लागला.”

मला लाजच वाटली. वर्षभर मनातल्या मनात मी या बाईला काय काय शिव्या घातल्या होत्या!

ताईने मॅडमच्या हातातली बाटली घेतली. तळाशी उरलं होतं ते सगळं आपल्या चित्राच्या छातीवर ओतलं, आणि तेवढ्यात तिला उबळ आली. सवयीने ती संडासाकडे निघाली. मॅडमनी तिचा पदर धरला. “मग ओवा कशाला खात होतीस, मूर्ख?”

“तुम्ही दिलात म्हणून.” ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. “आता काढाल मला, मॅडम?”

“तुला काढलं तर मग मलाही काढावं लागेल,” मॅडम म्हणाल्या, आणि पकड शोधायला लागल्या.

प्लायवुड काही सुखासुखी निघालं नाही. मॅडम स्टुलावर, पोट आत घ्यायचं साफ विसरलेल्या, आम्ही तिघी खालून त्यांना धरून. शेवटचा खिळा निघाला तशी आम्ही चारही डोकी बाहेर काढून हपापल्यासारखा वारा प्यायलो. स्टँडवरचे सगळे बापे वर बघायला लागले. एकाने ओरडून विचारलं, “आग लागली का वो?”

ताईने उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि अख्ख्या स्टँडसमोर, नळ न सोडता, पोटभर खोकली.