वासराची मान

मेश्रामसाहेबांनी माझं म्हणणं मान्य केलं, तेव्हाच मी समजले की आता काही खरं नाही. भंडाऱ्याच्या दवाखान्यात त्यांना ठेवलं होतं. मी खाटेशेजारी बसले होते आणि नेहमीप्रमाणे वासराचा विषय निघाला. त्यांनी चादरीवर बोटानं एक वाकडी रेघ ओढली, तिच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तुमचंच बरोबर असन, बाई. लिहून टाका." त्या एका वासराच्या मानेवरून आम्ही कितीतरी वर्षं भांडत आलो होतो आणि त्यांनी एकदाही माघार घेतली नव्हती... मी म्हटलं, "असं कसं लिहून टाका? भांडा ना माझ्याशी." ते नुसते हसले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. आठवडाही झाला नसेल, कारध्याच्या त्यांच्या घरून वहिनींचा, त्यांच्या बायकोचा, फोन आला. फोन घेण्याआधीच मला रडू फुटलं होतं.

मेश्रामसाहेब जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होते. गावोगाव फिरून लसी टोचायच्या, अडलेली गाय सोडवायची, बैलाच्या खुरातला काटा काढायचा. गावचे लोक त्यांना 'डाक्टर'च म्हणत. मी शहापूरच्या शाळेत चित्रकला शिकवायची. जिल्हा तुटला, गोंदिया वेगळं झालं, कचेऱ्यांमधली माणसंही वाटली गेली आणि यांच्या वाट्याला कोंढ्याच्या पुढची नवी गावं आली. तिथंच एका दुपारी उन्हाचे म्हणून ते टेकडीच्या पोटातल्या एका कपारीत टेकले आणि उताणे पडल्या पडल्या त्यांना वरच्या दगडावर बैल दिसला. गेरूनं काढलेला, हजारो वर्षांमागचा. पुढच्याच आठवड्यात ते ओळख ना पाळख माझ्या वर्गाच्या दारात उभे राहिले. "बाई, एक बैल दाखवाचा आहे. तुमी चित्रवाल्या, मी ढोरवाला. दोघं मिळून पाहू." मला वाटलं, माणसाचं डोकं फिरलंय. पण गेले. त्या गावाचं नाव मी इथं मुद्दाम लिहीत नाही. अशा जागेकडे लोकांचं लक्ष गेलं की काय होतं ते आम्ही बघितलं आहे.

मग दर हिवाळ्यातले रविवार तिथं जाऊ लागले. आम्हाला कुणी नेमलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. नागपूरच्या एका अभ्यासकांनी एकदा येऊन पद्धत शिकवली तेवढीच. दगडाला हात लावायचा नाही, पाणी मारायचं नाही, कागद टेकवायचा नाही. समोर दोऱ्या ताणून चौकटी पाडायच्या आणि एकेका चौकटीत जे दिसतं तेवढंच मोठ्या कागदावर उतरवायचं. दिसतं ते, वाटतं ते नाही. साहेबांनी हा नियम असा काही उचलला की मला कधीकधी त्यांचा वीट यायचा. एक शिंग काढायला अख्खा दिवस! मी शिंग काढायची आणि ते मागून म्हणायचे, "एवढं वाकत नाही बाई. इतकं वाकलं तं डोळ्यात जाते." चित्रातल्या गाईला बघून ती किती महिन्यांची गाभण आहे हे सांगायचे आणि वर म्हणायचे, "पण हे लिहू नका. हे मला वाटते." लोक आमच्याबद्दल चार गोष्टी बोलायचे त्या बोलले. वहिनी मात्र दोघांचा डबा देत आणि सांगत, "त्याहीले वेळेवर जेवाले लावा जी."

कपारीत शिरताना ते बूट बाहेर काढायचे. आत बारीक माती होती, ती उडून चित्रांवर बसू नये म्हणून. बाहेर मोहाच्या झाडाखाली एक सपाट दगड होता, त्यावर बूट ठेवायचे, आणि तेही तोंडं बाहेर करून. मी एकदा विचारलं तर म्हणाले, गोठ्यातली सवय आहे. बैल अंगावर आला तर पाय घालून सरळ पळता आलं पाहिजे. मग आत जायचे, मांडी घालायचे आणि तासन् तास त्या दगडाकडे बघत बसायचे. सरपणाला येणाऱ्या बाया हे लांबून बघायच्या. आम्ही हसून हात करायचो.

सगळ्यात खालच्या कोपऱ्यात, गाईच्या पोटाजवळ, एक वासरू होतं. इतकं पुसट की फोटोत नुसता दगड यायचा. पौषातलं तिरपं ऊन आत आलं की ते थोडा वेळ उमटायचं आणि विरायचं. तीच एक चौकट आम्ही शेवटी ठेवली होती. त्या वर्षी बाकी सगळं संपता संपता पौष सरला. साहेब म्हणाले, "घाई नको. इतकी वर्षं थांबलं, आणखी एक हिवाळा थांबन."

त्या पावसाळ्यात जनावरांवर खुरकूत आली. साहेब त्या गावात अक्षरशः राहायलाच गेले. घरोघरी जाऊन त्यांनी जनावरांचे खूर धुतले, तोंडं धुतली, मुक्काम टाकून बसले. आजूबाजूला गोठे रिकामे झाले, त्या गावातली ढोरं वाचली. आम्हाला केवढा आनंद झाला होता! मग थंडी पडली आणि आम्ही कागद घेऊन निघालो, राहिलेलं वासरू काढायला.

कपार लांबूनच लाल दिसली. वरपासून खालपर्यंत तेलातला शेंदूर थापलेला. बैल नाही, गाय नाही, काही नाही. पुढं झेंडा, नारळाच्या शेंड्या. गावातली पार्वताबाई धावत आली, तिचा चेहरा नुसता फुलला होता. "डाक्टर, तुमचा देव उघडा पडला होता ना जी. पोळ्याले समद्या गावानं मिळून शेंदूर लावला. त्यानंच आमची ढोरं राखली." तुम्ही पायातलं काढून इथं बसता, मग जाऊन ढोरं बरी करता, हे आम्हाला कळत नाही का, असं ती म्हणत होती. मग ती थबकली. "काहून बोलत नाही जी? चुकलं का काही?" मी तोंड उघडलं होतं. साहेबांनी मला हातानं थांबवलं आणि म्हणाले, "नाही, माय. मेहनत केली तुम्ही." तिनं आणलेला चहाही ते पूर्ण प्यायले.

परतताना वैनगंगेच्या पुलावर त्यांनी स्कूटर थांबवली. "छप्पन साली दीक्षा घेतल्यावर आमच्या आज्यानं घरचे सारे देव या नदीत सोडले, बाई," ते म्हणाले, "अन् नातवानं एक उभा करून ठेवला." रागवायचं तरी कुणावर? त्या बायांनी प्रेमानं केलं होतं. नागपूरच्या अभ्यासकांनी स्पष्टच सांगितलं, शेंदूर खरवडला तर खालचा गेरूही निघून येईल. पुढं त्या गावात साहेब लस घेऊन गेले की लोक हसून म्हणत, "आता कायले जी? देव हाये ना." तो एक टोमणा त्यांना आतून खाऊन गेला, असं मला वाटतं. मग ते तिकडं फिरकलेच नाहीत.

राहिली वासराची चौकट. आता ते वासरू आमच्या दोघांच्या डोळ्यांतच होतं. आम्ही वेगवेगळे बसून आठवणीतून ते काढलं आणि कागद शेजारी ठेवले. त्यांच्या वासराची मान वर, आईच्या कासेकडे. माझ्या वासराची मान मागं वळलेली. "ते पीत होतं, बाई!" "नाही, ते बघत होतं!" दर हिवाळ्यात हेच. दोघांचं जुळत नाही तोवर नोंद करायची नाही, हा त्यांचाच नियम. चौकट कोरी राहिली.

साहेब गेल्यावर काही आठवड्यांनी मी एकटीच तिथं गेले. मोहाखालच्या त्या दगडावर आणि त्याच्या आजूबाजूला चपलांची रांग लागली होती. बायांच्या, पोरांच्या, म्हाताऱ्यांच्या. सगळ्यांची तोंडं बाहेर. पार्वताबाई आता काठी घेऊन चालते. तिला मी साहेबांचं सांगितलं. ती मटकन् खाली बसली, पदरात तोंड घालून रडली. मग मला म्हणाली, "चपला तशाच ठेवजा जी, बाई. डाक्टर तशाच ठेवत. तोंड आत केलं तं देव कोपते."

मी चपला तशाच ठेवल्या आणि आत जाऊन बसले. तिरपं ऊन आलं, शेंदूर चकाकला. मी वासराची मान आठवू लागले. साहेब भांडत होते तोवर ती मला लख्ख दिसायची. त्यांनी "तुमचंच बरोबर" म्हटल्यापासून ती मला दिसत नाही... वर होती की मागं, मला खरंच सांगता येत नाही. ऊन सरकून गेलं. मी बाहेर आले. चपलांची तोंडं बाहेरच होती. पाय घातले आणि सरळ चालू लागले. मागं वळावं लागलं नाही.