दहा मिनिटांचा सौदा

दुसऱ्या महायुद्धात माझी पोस्टिंग नागपूरजवळच्या छावणीतल्या एका फौजी हॉस्पिटलात होती. हुद्दा नर्सिंग सिपाही, काम मालिशवाल्याचं. आता त्याला फिजिओथेरपी म्हणतात आणि शिकलेली मुलं ते करतात. मी नागपूरच्या इतवारी बाजारात धान्याची पोती वाहिली, आखाड्यात अंग रगडायला शिकलो आणि भरतीच्या हवालदाराशी अर्धा तास हुज्जत घालून हे काम मागून घेतलं. मागितल्याशिवाय मला आयुष्यात काही मिळालेलं नाही.

मी आघाडी पाहिली नाही. पण भीती पाहिली आहे. सकाळी दहा वाजता, स्वच्छ उजेडात.

दिवस ठरलेला असे. सहाला फॉल-इन, म्हणजे रांगेत हजेरी. सातला पाणी तापत ठेवायचं. आठला पहिला पेशंट. आखाड्यात गाठ हाताला लागली की आम्ही तिच्यावर तुटून पडत असू. ट्रेनिंग देणाऱ्या सिस्टरने ती सवय मोडली. गाठ म्हणजे आखडून बसलेला स्नायू. आधी गरम शेक. मग दोरीसारखा ताठ झालेला भाग शोधायचा, त्यावर अंगठा ठेवायचा आणि थांबायचं. पेशंट दात खातो, मग श्वास सोडतो, आणि गाठ अंगठ्याखाली ढिली पडते. त्यानंतर हलका ताण आणि व्यायाम. व्यायाम टाळणाऱ्याची गाठ आठवड्यात परत येते.

सिस्टरने एक नियम मात्र आमच्याकडून तीनदा म्हणवून घेतला होता. बरेच दिवस प्लास्टरमध्ये राहिलेल्या पायाची पोटरी सुजलेली आणि गरम लागली, तर हात लावायचा नाही. पेशंटला हलवायचं नाही. डॉक्टरला कळवायचं. आत रक्त गोठलेलं असू शकतं. चोळलं तर ती गुठळी सुटून छातीत जाते.

लान्स नायक दौलत रामटेककडचा. फौजेच्या सिग्नल तुकडीतला लाइनमन. तारेची जड रिळं वाहून त्याच्या उजव्या खांद्यात जुन्या गाठी बसल्या होत्या. त्यातच ट्रक उलटून डाव्या पायाची नळी मोडली. पाय प्लास्टरमध्ये असताना पंधरा दिवस मी त्याचा खांदा सोडवला. पहिल्या दिवशी त्याचा हात कानापर्यंत जाईना. पंधराव्या दिवशी त्याने माझी टोपी उडवली.

"उस्ताद, आता पायाचं पाहा गा," तो म्हणाला. "खांद्यावर चालता येत नाही मले."

प्लास्टर निघालं. पाय टेकला की पोटरीत कळ येई. एक्स-रेमध्ये हाड जुळलेलं होतं. वॉर्डाच्या डॉक्टर कॅप्टन साहेबांनी निष्कर्ष काढला की दौलत बहाणा करतो आहे. दोन दिवसांनी मेडिकल बोर्ड होता. चालून दाखवलं तर तो आपल्या तुकडीत परत जाणार. नाही दाखवलं तर कागदावर बहाणेबाज असा शेरा बसणार, आणि तो घेऊन गावी जावं लागणार.

बोर्डाच्या आदल्या सकाळी नऊ चाळीसला तो टेबलावर आडवा झाला. मी पोटरीवर हात ठेवला आणि उचलला. उजवी पोटरी पाहिली, पुन्हा डावी. डावी फुगलेली, चकचकीत, गरम.

"काहून थांबले?" दौलतने विचारलं.

"पडून राहा. हलू नको."

"बहाणेबाज म्हणून मी घरी नाही जात, उस्ताद. बाप दारात उभा नाही करणार. चोळून द्या, काही होत नाही."

मी कॅप्टन साहेबांच्या खोलीत गेलो. सॅल्यूट केला. "साहब, दौलत की पिंडली गरम है. सूजी है. सिस्टर का ऑर्डर है, हाथ नहीं लगाना."

त्यांनी मान वर केली नाही. "तुम डॉक्टर हो?"

"नहीं साहब. आप एक बार देख लीजिए."

"हमने कल देखा है. बीस मिनट मालिश. कल बोर्ड है."

माझं डोकं तापलं. अशा वेळी मी एकच गोष्ट करत आलो होतो. इतवारीत, भरतीच्या रांगेत, सगळीकडे. समोरच्याने वीस म्हटलं की मी पाच म्हणायचो.

"पाँच मिनट, साहब. हल्के हाथ से."

"पंद्रह."

"दस. सिर्फ हल्का."

"ठीक है, दस. जाओ."

मी बाहेर आलो तेव्हा मला जिंकल्यासारखं वाटलं. हे लिहायला मला फार वर्षं लागली. व्हरांड्यातून चालताना मी मनात म्हणत होतो की निम्मी मिनिटं तरी वाचवली.

नऊ पंचावन्नला सुरुवात केली. तेल लावलं. घोट्यापासून गुडघ्याकडे, फुलासारखा हात. दौलत छताकडे पाहत होता. मी त्याचा श्वास मोजत होतो. दोन मिनिटं. चार मिनिटं. मी सारखा त्याच्या तोंडाकडे पाहत होतो आणि ते त्याच्या लक्षात आलं.

"तुम्हालेच भेव लागून राहिलं काय, उस्ताद?" तो हसला.

सहाव्या मिनिटाला तो खोकला. मग छाती धरून उठून बसला. "श्वास नाही घेता येऊन राहिला," म्हणाला. ओठ निळे पडले. मी ओरडलो. डॉक्टर धावत आले, ऑक्सिजन आला. दहा वाजून वीस मिनिटांनी लान्स नायक दौलत मेला. माझ्या हातांना तेल तसंच होतं.

चौकशी झाली. अहवालात लिहिलं की मालिशवाल्याने सूज व उष्णता वरिष्ठांना कळवली नाही. मी सांगितलं, कळवलं होतं. त्यांनी विचारलं, कागद आहे? कागद नव्हता. सगळं तोंडी. माझी होणारी बढती गेली. पुढे मी तीन अर्ज केले. ती एक ओळ खोडा, एवढंच मागितलं. एकाचंही उत्तर आलं नाही. तो राग माझ्यात अजून आहे, आणि तो मी सोडणार नाही. मी कळवलं होतं.

पण चोळलंही मीच. नाही म्हटलं असतं तर कोठडी झाली असती. कोठडीतून माणूस बाहेर येतो.

लढाई संपल्यावर मी नागपूरच्या महाल भागात मालिश आणि व्यायामाची खोली उघडली. मान, कंबर, खांदा, कुठलंही दुखणं घेऊन कोणी आलं की मी आधी दोन्ही पोटऱ्यांना हाताची उलटी बाजू लावून पाहतो. परवा एक बाई चिडली.

"अहो काका, मान दुखून राहिली माही. पाय काहून पाहता?"

"पाहू द्या," मी म्हणालो.

तिच्या दोन्ही पोटऱ्या थंड होत्या. मग मी मानेला हात लावला. गाठ बुडाशी होती. दौलतच्या खांद्याची शेवटची गाठ अशीच, मानेच्या बुडाशी होती. त्याची ती पूर्ण सुटली होती.