इमर्जन्सी कपाटाचं कुलूप

त्या वर्षांत आमच्या ग्रामीण रुग्णालयात कपाशीवर बोंडअळी आली की पाठोपाठ फवारणीच्या विषबाधेचे पेशंट येत. मी तेव्हा नवी सिस्टर. विषावरची इंजेक्शनं इमर्जन्सी कपाटात, आणि कपाटाला कुलूप. वरून तपासणी आली की साठा पुरा दिसायला हवा, म्हणून साहेब, म्हणजे आमचे अधीक्षक, चावी स्वतःच्या खिशात ठेवत. औषध कमी झालेलं त्यांना चालत नसे. माणूस कमी झालेला चालायचा.

एका दुपारी राळेगावकडून एका मजुराला आणलं. तोंडाला फेस, अंगाला फवारणीच्या औषधाचा वास, सोबत बायको. साहेब चावीसकट यवतमाळला मीटिंगला गेलेले. फोन लागेना. शेवटी मी दगडानं कुलूप तोडलं, पण तोवर तो गेला होता. त्याची बायको माझ्या हातातल्या दगडाकडे बघत राहिली.

माणूस गेला, त्याचं कुणी काही विचारलं नाही. सरकारी कुलूप तोडलं म्हणून मला मात्र मेमो मिळाला. ते कुलूप मी पेटीत ठेवलं आणि दातओठ खात नोकरी केली.

पुढे मी इन्चार्ज सिस्टर झाले. पहिल्याच दिवशी कपाटाचा कोयंडाच काढून टाकला. ड्युटी बदलताना दोघींनी मिळून इंजेक्शनं मोजायची; हिशेब चोख, म्हणून साहेबांनाही हरकत घेता येईना. काही चुकलं तर सकाळी सगळ्यांसमोर सांगायचं, आणि सांगणाऱ्यावर कुणी ओरडायचं नाही. लोक म्हणत, सिस्टर फार शिस्तीची. शिस्त कसली, सूड होता तो. साहेबांना येताजाता ते उघडं कपाट दिसायला हवं होतं. त्या मजुराच्या बायकोलाही मी खटपट करून आया म्हणून लावून घेतलं.

साहेब रिटायर झाले. निरोपाच्या भाषणात म्हणाले, रुग्णांच्या सुरक्षेची सवय या दवाखान्याला मी लावली. टाळ्याही पडल्या. आयत्या बिळावर नागोबा! शाल-श्रीफळ द्यायला मी त्या आयाबाईला पुढे केलं. ताटात नारळाशेजारी ते कुलूप होतं. तिला विचारूनच ठेवलं होतं.

साहेबांनी विचारलं, हे काय?

"तुमचंच हाय, साहेब," ती म्हणाली. "माह्या मालकाच्या टाइमाले याची चाबी तुमच्या खिशात होती."

साहेबांचा हात आपसूक खिशाकडे गेला. शेवटी त्यांनी नारळ घेतला आणि कुलूपही घेतलं. फोटोवाला थांबला होता. मीच त्याला म्हटलं, काढ. तो फोटो माझ्या घरी भिंतीवर आहे.