कच्च्या दगडावरची आठ पावलं

थाटीपूरच्या सरकारी क्वार्टरात इंदुताईंनी तीस वर्षं उखडलेल्या सिमेंटवर पोतेरं फिरवलं. स्वतःच्या घरात पांढराशुभ्र संगमरवर बसला, मग काय विचारता! कारागीर जाता जाता म्हणाला, "महिनाभर पत्थर कच्चा समझो, माताजी. जो गिरेगा, पी जाएगा." झालं! चपला दाराबाहेर, खुर्च्यांच्या पायांना सतरंजीच्या तुकड्यांच्या टोप्या, पुसायला फक्त साधं पाणी आणि घट्ट पिळलेलं मऊ फडकं. सिमेंटचे शिंतोडे काढायला तेजाब, म्हणजे ॲसिड, घेऊन आलेल्या मजुराला तर त्यांनी फाटकातूनच पिटाळलं. मुलगा पुष्कर चहाचा कप घेऊन हिंडला तरी बाईंचा जीव खालीवर.

आणि हीच बाई लेकाच्या लग्नात पार विरघळली. सून गरिमा हिंदी घरातली. ती माप ओलांडून आत आली आणि इंदुताईंनी आनंदाच्या भरात स्वतःच तिच्यापुढे कुंकवाच्या पाण्याची परात ठेवली. लक्ष्मीची पावलं उमटू देत म्हणे! उमटली की. आठ पावलं, लालभडक. दुसऱ्या दिवशी पुसून पुसून हात भरून आले, पण डाग ढिम्म हलले नाहीत.

धाकट्या जाऊबाई शालिनीताई मुद्दाम बघायला आल्या. "सुनेनं पाय ठेवला आणि फरशी गेली गं बाई," त्या म्हणाल्या, तेही गरिमाला नीट ऐकू जाईल असं. बिचारीला तेवढं मराठी कळत होतं.

दुपारी सासूचा डोळा लागलेला बघून गरिमानं लिंबू आणून आधी एक पाऊल घासलं. लाल तसंच राहिलं, वर दगडाची चमक उडाली. ताटाएवढा खरखरीत चट्टा पडला. इंदुताई उठून बघतात तर ही फरशीवर बसून रडतेय. "मम्मीजी, मैंने और बिगाड़ दिया."

खोटं कशाला सांगू, इंदुताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण शालिनीचे शब्द आठवले आणि तो राग दुसरीकडेच वळला. या पोरीला या घरात कुणी अपशकुनी म्हणता कामा नये, बस्स.

"ऊठ. रडून डाग जात नाहीत," म्हणत त्यांनी पदर खोचला. महाराज बाड्याच्या चौकातल्या औषधाच्या दुकानातून पेरॉक्साइड आणलं, दगडवाल्याकडून पांढरी भुकटी. दोन्ही कालवून प्रत्येक पावलावर लेप, वर प्लॅस्टिक. सुकला की काढायचा, पुसायचं, पुन्हा लावायचा. पाच दिवस दोघी सासूसुना कंबर मोडेस्तोवर त्याच कामात. सहाव्या दिवशी कुंकू गेलं. लिंबाचा चट्टा मात्र मशीनच्या पॉलिशशिवाय जाणार नव्हता, आणि पॉलिशवाला गेला होता गावाला.

तशातच नव्या सुनेचं हळदीकुंकू आलं. शालिनीताईंची नजर नेमकी तिथेच गेली. "अगंबाई! आता हे कुणी केलं?"

बायका माना वळवून बघू लागल्या. गरिमा तबक घेऊन पुढे झाली.

"मी," इंदुताई म्हणाल्या. "आणि ती कुंकवाची परातही मीच ठेवली होती. माझी अक्कल गेली होती चरायला. सुनेनं पाच दिवस राबून माझं निस्तरलं."

मग त्यांनी बरोबर त्या चट्ट्यावर पाट मांडला आणि जावेला हाताला धरून तिथेच बसवलं.

"गरिमा, आधी काकूंना कुंकू लाव. आणि शालिनी, तू तिची ओटी भर."