पाण्याचा खटका

आमच्या घरातली एकही मोटार तिच्या स्टार्टरच्या मर्जीनं चाललेली मला आठवत नाही. सगळ्या ‘डायरेक्ट’. नवा स्टार्टर आला की माझे सासरे, म्हणजे आमचे मामा, आधी त्याचं झाकण उघडतात आणि आत मोटार वाचवायला म्हणून जे काही बसवलेलं असेल, त्याला तारेच्या तुकड्यानं वळसा घालून मोकळे होतात. वीज आली की मोटार आपोआप सुरू झाली पाहिजे, मग ती जळली तरी बेहत्तर. बेंबळीच्या आसपास निम्म्या शिवारात हेच चालतं, त्यामुळं त्यांना बोलायचीही सोय नाही.

मोटारीचं एक वेळ ठीक होतं. पण मी गावातल्या अकरा बायकांचा खवा ठेवायला शीतखोली घातली, तिचं जुनं मशीन पाण्यावर गार राहतं. बोअरचं पाणी मशीनमधून फिरतं आणि त्याची उष्णता घेऊन भिंतीपलीकडच्या हौदात पडतं. पाणी थांबलं आणि मशीन तसंच चालत राहिलं तर ते जळणार, आणि ऐन लग्नसराईत अकरा घरांचा खवा आंबणार. म्हणून मेकॅनिक बोलावून पाइपात पाण्याचा खटका बसवून घेतला. आत एक पातळ पट्टी असते. पाणी वाहतंय तोवर ती ढकललेली राहते, पाणी थांबलं की मागं येते आणि मशीन बंद.

इतकी साधी गोष्ट. पण उन्हाळ्यात आमचं बोअर उचक्या देतं. पाण्याबरोबर हवा आली की पट्टी हलायची आणि मशीन बंद पडायचं. मी तव्यावर भाकरी टाकून पळायची, बटण दाबायची, परत येईतो भाकरी करपलेली. दिवसातून दहादा हेच. मेकॅनिकला फोन केला की “ताई, निघालोच” म्हणायचा. आठ दिवस तो नुसता निघतच होता. ओसरीवरून मामा माझ्या फेऱ्या मोजल्यासारखे बघायचे.

“काढून टाक की ती बला. लई नाजूक हाय.”

मी दातओठ खाऊन पुन्हा भाकरी थापायला बसायची.

मग एकाएकी मशीन बंद पडायचं थांबलं. चार दिवस सुखाच्या भाकरी झाल्या, मशीनकडं फिरकायचंही काम पडलं नाही. खवा ठेवायला आलेल्या बायकांपुढं मी खटक्याचं कौतुकसुद्धा केलं, स्वतःच शोध लावल्यासारखं.

पाचव्या दिवशी दुपारी खोलीमागं मशीनकडं गेले, तर मशीनचा आवाज जड लागला. खटक्याच्या डबीचं झाकण उघडं होतं आणि आत लाल तारेचा तुकडा पिळून बसवलेला. शेजारी पालथ्या बादलीवर मामा बसलेले, हात मशीनमधून निघणाऱ्या पाइपावर.

“मामा, ही तार कुणी टाकली?”

“म्या. तुझी वणवण बघवंना. चार दिस इथंच बसून हाय. पाणी थांबलं तर पाइप तापतोय, हाताला कळतंय की. लगेच बंद करतो.”

माझं डोकंच फिरलं. “अवो, तुमी काय खटका हाय का? डुलकी लागली तर?”

“डुलकी कशाला लागती? जेवाय जाताना बंद करून जातो. उगं वरडू नगंस. हे बघ, कोमट हाय.”

त्यांना खोटं पाडायचंच म्हणून मी तावातावानं पाइप धरला आणि ओरडून सोडला. बोटं पोळली होती. हौदात पाणी पडल्याचा आवाज नव्हता. मी धावत जाऊन मशीन बंद केलं. मशीन वाचलं, खवाही वाचला, पण ते संध्याकाळी कळलं. 

मामा अजून पाइप धरूनच बसले होते. चाळीस वर्षं भट्टीपुढं बसून खवा घोटलेला तो हात. सासऱ्यांच्या हाताला मी कधी हात लावला नव्हता. तो ओढून घेतला आणि उलटा केला. तळवा लालभडक झाला होता, अंगठ्याखाली फोड धरत होता. माझा सगळा राग गळून पडला.

“मामा, भाजलंय की तुमाला.”

त्यांनी तळवा डोळ्यांजवळ नेला, उजेडाकडं धरला.

“कुठं?” म्हणाले.