वामीच्या पोटातले जंत

वंदनाला जाऊन वर्ष होत आलं. भेटायला आलेल्या प्रत्येकाशी तिच्याबद्दल बोललो — हे एवढं सोडून. हे तिलाही कधी कळलं नाही.

आम्ही दोघं नवरा-बायको माजलगावच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो. दोघांचीही पीएच.डी. माशांच्या पोटातल्या जंतांवर चालली होती. लोक नाक मुरडत. आम्हाला मात्र गोडी होती — जंतांवरून कळतं, मासा कुठल्या पाण्यात राहिला, तिथं त्यानं काय खाल्लं.

तिचा हात हलका होता. माझा नव्हता. एवढं लिहायला इतकी वर्षं का लागावीत? धरणावरचे मासेमार तिच्यासाठी मासे राखून ठेवत. एकदा माझ्या हातून आतडं फाटलं, तेव्हा त्यांच्यातले किसनमामा म्हणाले, "सर, तुमी सरका बाजूला. बाईंला करू द्या. तुमी फळ्यापुढंच बरे." सगळे हसले. वंदनाही हसली. तिचं ते हसू मी किती जपून ठेवलं, सांगू?

मग एकदा जाळ्यात वाम आली. बाजारातली काटेरी वाम नव्हे — समुद्रात जन्मून नदीनं वर चढणारी. मध्ये एवढी धरणं असताना ती इथं कशी? तिच्या पोटात वंदनाला बारीक, पांढरे जंत मिळाले. जिवंत. खाडीतल्या वामींत सापडतात तसे वाटतात, म्हणाली. तसं ठरलं असतं, तर ते तिचं मोठं काम झालं असतं. आणि माझ्याकडे काय होतं? मरळ माशातले, सगळ्यांना ठाऊक असलेले जंत.

त्याच दुपारी धारूरहून फोन आला, तिची आई पडली. जंत मिठाच्या पाण्यात ठेवून ती निघाली. "अहो, अल्कोहोल गरम करूनच घाला हं. गार घातलं तर वेटोळी होतात, मग तोंड दिसत नाही." जंताची जात तोंडावरून ठरते. हे मला माहीत नव्हतं का?

स्पिरिटचा दिवा समोर होता. काडेपेटी होती. घाई कसलीच नव्हती. मी तसंच गार ओतलं — आणि वाकून बघत राहिलो. ते आखडत गेले, गुंडाळत गेले.

परत आल्यावर तिनं सूक्ष्मदर्शकाला बराच वेळ डोळा लावला. "निघण्याआधी मीच मिठाच्या पाण्यात फार वेळ ठेवले, म्हणून वेटोळी झाली," म्हणाली.

"असेल," मी म्हणालो.

तशी वाम पुन्हा आली नाही. हळूहळू तिनं काम सोडलं. माझ्या प्रबंधातल्या सगळ्या आकृत्या तिनं काढून दिल्या — त्या इतक्या सुरेख होत्या की मला त्यांचाही हेवा वाटला. शोकसभेत कुणीतरी म्हणालं, मॅडमनी सरांसाठी स्वतःचं संशोधन सोडलं. मी मान खाली घालून ऐकलं.

शेवटच्या आजारपणात, दवाखान्यात, तिनं मध्येच विचारलं, "त्या वामीचे जंत — किती वेळ ठेवले होते हो मी मिठाच्या पाण्यात?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. ती धारूरला निघाली, तेव्हा ते पाण्यात ठेवून पाच-दहा मिनिटंही झाली नव्हती.

"खूप वेळ," मी म्हणालो.

"तरीच," ती म्हणाली, आणि कुशीवर वळली.